‘सायलेंट स्प्रिंग’ आणि आमचे गाजर गवत

साठ वर्षांहून अधिक काळ लोटलेल्या एका परकीय ग्रंथाचे परीक्षण आज करावयास बसणे हे आमच्या काही वाचकांस चमत्कारिक वाटण्याचा संभव आहे. परंतु काही ग्रंथांचे दैव असे असते, की त्यांचे नाव सर्वांच्या तोंडी असते आणि त्यामुळेच ते उघडून पाहण्याची तसदी कोणी घेत नाही. रॅचेल कार्सन ह्या अमेरिकन विदुषीचा ‘सायलेंट स्प्रिंग’ हा १९६२ साली प्रसिद्ध झालेला ग्रंथ ह्याच वर्गातील होय. ‘डीडीटीने पक्षी मरतात असे सांगणारे पुस्तक’ एवढीच त्याची ओळख पुष्कळांस असते. खरे सांगावयाचे तर आम्हांसही त्याहून फारसे अधिक ठाऊक नव्हते. तो ग्रंथ आमच्या हाती आला तो वाङ्मयीन जिज्ञासेने नव्हे, तर आमच्या राहत्या वसाहतीतील एका क्षुल्लक तंट्यामुळे.

वसाहतीच्या पाठीमागे एक रिकामी जागा आहे. तिच्यात दर पावसाळ्यात कमरेइतके गाजर गवत माजते. शेजारच्या एका घरातील मुलाच्या हातापायांवर त्याने पुरळ उठले, तेव्हा सभा भरली. एका पक्षाचे म्हणणे, मजूर लावून ते उपटावे. दुसऱ्याचे, तणनाशकाची फवारणी करून एकदाचा सोक्षमोक्ष लावावा. आम्ही दुसऱ्या पक्षात होतो, आणि बरेच तावातावाने बोललोही. फवारणी झाली, आठवड्याभरात सारी जागा पिवळी पडली, पुढे करडी झाली, आणि दिवाळीस तेथे उघडी माती दिसू लागली. आम्हांस कृतकृत्य वाटले. पुढल्या जूनमध्ये पहिल्या दोन पावसांनंतर त्याच जागेत गाजर गवत पूर्वीपेक्षा दाट उगवले, आणि आता त्याच्या जोडीस दुसरे काहीच नव्हते. वसाहतीतील वनस्पतिशास्त्राचे एक निवृत्त शिक्षक त्या दिवशी आमच्याकडे आले आणि पुस्तक टेबलावर ठेवून म्हणाले, “अहो, पुढच्या सभेपूर्वी ह्यातले सहावे प्रकरण तेवढे वाचून घ्या.” आम्ही ते प्रकरण वाचले, आणि मग सगळे पुस्तक वाचले. हे परीक्षण हे त्या वाचनाचे फळ आहे.

कार्सनबाई ह्या सागरी जीवशास्त्राच्या अभ्यासक. १९५२ पर्यंत त्या अमेरिकेच्या मत्स्य व वन्यजीव खात्यात नोकरीस होत्या, आणि ‘द सी अराउंड अस’ ह्या १९५१ सालच्या ग्रंथाने त्यांस मोठी कीर्ती मिळवून दिली होती. ‘सायलेंट स्प्रिंग’ लिहीत असताना कर्करोगाने त्यांचे शरीर पोखरले होते. ग्रंथ प्रसिद्ध झाल्यावर दोन वर्षे पुरी होण्याच्या आतच, एप्रिल १९६४ मध्ये, त्या निवर्तल्या. रासायनिक उद्योगाने त्यांच्यावर जो गहजब केला, त्यात ग्रंथातील विधानांपेक्षा ग्रंथकर्त्रीचे स्त्रीत्व व तिची ‘भावनावशता’ ह्यांचीच चर्चा अधिक झाली. अखेर अध्यक्ष केनेडी ह्यांच्या विज्ञान-सल्लागार समितीने मे १९६३ मध्ये जो अहवाल दिला, तो बहुतांशी बाईंच्या म्हणण्यास पुष्टी देणारा निघाला.

ग्रंथात एकंदर सतरा प्रकरणे आहेत. त्यांपैकी बहुतेकांचा रोख कीटकनाशकांवर आहे. पृथ्वीच्या हिरव्या पांघरुणाविषयीचे सहावे प्रकरण तेवढे तणांस व तणनाशकांस वाहिलेले आहे. तण म्हणजे काय, ह्या प्रश्नापासूनच बाई आरंभ करतात. ज्या वनस्पतीचा आपणांस तत्काळ उपयोग दिसत नाही ती निरुपयोगी, आणि निरुपयोगी ती वध्य, अशी आपली सरळ समजूत असते. परंतु माती, पाणी, वनस्पती व प्राणी ह्यांचे संबंध इतके गुंतलेले आहेत की एक धागा ओढला असता दुसरीकडे काय उसवेल ह्याचा नेम नाही. ह्या तत्त्वास त्यांनी दिलेली उदाहरणे मोठी बोलकी आहेत. अमेरिकेच्या पश्चिम भागातील कोरड्या पठारावर ‘सेजब्रश’ नावाचे झुडूप पसरलेले आहे. गुरांस अधिक गवत मिळावे म्हणून ते हजारो एकरांवर फवारून मारण्याचा उद्योग सरकारी पैशाने चालला. वायोमिंगमधील एका जंगलात दहा हजार एकरांवर अशी फवारणी झाली; झुडुपाबरोबर ओढ्याकाठचे विलोही मेले; विलोवर जगणारे मूस हरिण व बीव्हर गेले; बीव्हरांनी बांधलेली धरणे फुटली आणि तळे आटले. जे मारावयाचे नव्हते ते किती मेले, ह्याचा हिशेब कोणी मांडलाच नव्हता.

आम्हांस मात्र सर्वांत विचारप्रवृत्त वाटला तो ‘रॅगवीड’ विषयीचा मजकूर. हे रॅगवीड आमच्या गाजर गवताचे जवळचे भाईबंद. दोन्ही सूर्यफुलाच्या कुळातली, दोन्हींच्या परागांनी शिंका व दमा जडतो. लोकांच्या नाकांचे रक्षण करावे ह्या सद्धेतूने अमेरिकेत रस्त्यांच्या दोन्ही कडा सरसकट फवारण्यात आल्या. परंतु रॅगवीड ही एका वर्षाची वनस्पती. तिला दर साली नव्याने रुजण्यास उघडी माती हवी असते. फवाऱ्याने तिच्याबरोबर बहुवर्षायू झुडपे, नेचे व गवते मेली आणि नेमकी उघडी मातीच काय ती उरली. म्हणजे शत्रूस मारण्याच्या भरात आपण त्याच्यासाठी अंगण सारवून ठेवले. हे वाचताना आमच्या मागच्या जागेचे चित्र डोळ्यांपुढे उभे राहिले आणि सभेत आपण काय काय बोललो होतो ते आठवून, स्पष्टच लिहितो, आम्ही खजील झालो. गाजर गवताचे एक झाड हजारो बिया टाकते. त्या मातीत दबून राहतात आणि ओल व उजेड मिळताच उठतात. फवाऱ्याचे औषध उगवलेल्या झाडास मारते, बीजास नव्हे. ही गोष्ट शाळेतल्या मुलासही कळण्याजोगी. पण पन्नाशी उलटलेल्या सुशिक्षित गृहस्थांच्या सभेत ती एकासही सुचली नव्हती!

बाईंच्या टीकाकारांनी, आणि दुर्दैवाने त्यांच्या काही भक्तांनीही, त्या सर्व रसायनांच्या विरुद्ध होत्या असा समज पसरविला आहे. ज्याने हे प्रकरण वाचले आहे त्यास असे म्हणता येणार नाही. फ्रँक एग्लर ह्या वनस्पतिशास्त्रज्ञाच्या निवडक फवारणीच्या पद्धतीची त्यांनी मुक्तकंठाने प्रशंसा केली आहे. विजेच्या तारांखाली वा रस्त्याकाठी जी उंच झाडे खरोखर नको आहेत, तेवढ्यांच्याच बुंध्याशी औषध लावावे आणि झुडपांस धक्का लावू नये. मग तीच झुडपे नव्या झाडांस वर येऊ देत नाहीत, असा हा विचार. एका वनस्पतीस आवर घालण्यास दुसरी उभी करावी आणि विष क्वचित, नेमके व थोडे वापरावे, हा ह्या प्रकरणाचा गाभा आहे. हॉलंडमधील उद्यानांत गुलाबांच्या ताटव्यांत मातीतील सूत्रकृमींनी उच्छाद मांडला, तेव्हा विष न ओतता झेंडू लावण्यात आला, हे उदाहरण वाचून आमच्याकडील शेतकऱ्यास आश्चर्य वाटणार नाही; टोमॅटोच्या वाफ्यांत झेंडूच्या ओळी त्यानेही लावल्या आहेत.

येथवर गुणवर्णन झाले. आता जे न्यून आम्हांस जाणवले ते सांगणे परीक्षकाचे कर्तव्य आहे.

पहिले न्यून असे, की बाईंची तणे मुख्यतः कुरणांतली, रस्त्याकाठची व बंगल्यांपुढील हिरवळीतली आहेत. पिकातले तण त्यांच्या ह्या प्रकरणात जवळजवळ नाहीच. ‘तण खाई धन’ ही म्हण ज्या भाषेत रूढ आहे, तिच्या वाचकास ही उणीव ताबडतोब खुपते. रस्त्याकडेचे झुडूप राहिले तर कोणाची चूल विझत नाही. परंतु कपाशीत वा भाताच्या खाचरात वेळेवर खुरपणी झाली नाही, तर वर्षाचे अन्न जाते. आणि ही खुरपणी कोण करते? कोठे तिला निंदण म्हणतात, कोठे भांगलण. नाव काहीही असो, भर पावसात उकिडवे बसून दिवसभर वाफ्यातून सरकत जाण्याचे हे काम बहुधा बायकांच्याच वाट्यास आले आहे, आणि त्याची मजुरी पुरुषाच्या मजुरीहून कमीच ठरत आली आहे. कॅलिफोर्नियात शेतमजुरांच्या पाठी मोडणारे आखूड दांड्याचे खुरपे १९७५ साली बेकायदा ठरविण्यात आले, हे पाहता हाताने तण काढणे म्हणजे निसर्गाशी साधलेले मधुर सख्यच होय असे शहरात बसून लिहिण्याचा अधिकार आपणांस नाही. ज्या शेतकऱ्यास ऐन हंगामात माणूस मिळत नाही, तो तणनाशकाची बाटली आणतो ती दुष्टाव्याने नव्हे. ह्या प्रश्नास ‘सायलेंट स्प्रिंग’ मध्ये उत्तर नाही. आणि जो पक्ष ह्या ग्रंथाचा झेंडा घेऊन उभा राहतो, त्याने हे उत्तर स्वतः शोधले पाहिजे.

दुसरे न्यून जैविक उपायांविषयीच्या अतिविश्वासाचे आहे. ऑस्ट्रेलियात निवडुंगाने सुमारे सहा कोटी एकर जमीन व्यापली होती; अर्जेंटिनातून आणलेल्या ‘कॅक्टोब्लास्टिस’ नामक पतंगाच्या अळ्यांनी १९२६ नंतरच्या थोड्याच वर्षांत तो फस्त केला. कॅलिफोर्नियातील गुरांना विषारी अशा ‘क्लॅमथ’ तणाची तीच गत १९४४ च्या सुमारास आणलेल्या भुंगेऱ्यांनी केली. ह्या दोन्ही कथा बाईंनी मोठ्या रसाळपणे सांगितल्या आहेत आणि त्या खऱ्याही आहेत. ऑस्ट्रेलियात कृतज्ञ लोकांनी त्या पतंगाच्या नावाचे एक सभागृहदेखील बांधले. परंतु कथेचा उत्तरार्ध ग्रंथात नाही. तोच पतंग १९५७ साली वेस्ट इंडीजमधील नेव्हिस बेटावर सोडण्यात आला, बेटांमागून बेटे ओलांडीत १९८९ मध्ये फ्लोरिडात जाऊन पोहोचला, आणि जेथे निवडुंग हा पाहुणा नसून घरचा आहे, तेथेच तो खाऊ लागला. मेक्सिकोत तर निवडुंग हे अन्न आहे. तेथील लोकांस ह्या पतंगाचे भय वाटते ते उगाच नव्हे. हा दोष बाईंचा म्हणता येणार नाही. १९६२ साली हे दिसण्याजोगे नव्हते. तथापि बाटलीतले विष परत घेता येत नाही, तसा सोडलेला किडाही परत बोलावता येत नाही, एवढा बोध आजच्या वाचकाने आपल्या पदरचा जोडून घ्यावा.

ह्या बाबतीत आमच्या देशाचा अनुभव ग्रंथात यावयास हवा होता असे वाटते. १७९५ साली तांबड्या रंगाच्या व्यापारासाठी ब्राझीलहून कोचिनीलचा किडा बंगालात आणण्यात आला. रंगाचा किडा म्हणून आणलेला तो भलत्याच जातीचा निघाला. रंग निकृष्ट झाला, पण निवडुंगाचा मात्र त्याने फडशा पाडला. व्यापार बुडाला आणि एक विद्या हाती लागली. पुढे ती दक्षिण हिंदुस्थानात व सिंहलद्वीपात जाणूनबुजून वापरण्यात आली. गाजर गवतावर मेक्सिकोतील भुंगेरे १९८३ साली आणून, पारखून, १९८४ मध्ये बंगळुरास सोडण्यात आले. आमच्याकडे कृषिविद्यापीठे त्यांस ‘मेक्सिकन भुंगे’ म्हणतात. पुढे काही वर्षांनी ते सूर्यफुलाच्या पानांवर दिसले तेव्हा मोठी ओरड झाली आणि सरकारास चौकशी समिती नेमावी लागली. गाजर गवताचे पराग ज्या पानांवर पडले होते त्यांस ते भुंगे तोंड लावीत, असे प्रयोगांती आढळून आले आणि भीती पुष्कळशी निवळली. भुंगे पावसाळ्यात भराभर पाने खातात. हवा कोरडी झाली की जमिनीत दडून बसतात, आणि गवत पुन्हा डोके काढते. उपयोग आहे, चमत्कार नाही.

तिसरी गोष्ट न्यूनाची नसून काळाची आहे. बाईंनी २,४-डी आणि २,४,५-टी ह्या दोन तणनाशकांची चर्चा केली आहे. वनस्पतीच्या अंगच्या वाढीच्या रसाची ही नक्कल. तिने रुंद पानांची झाडे वेडीवाकडी वाढून मरतात आणि गवतवर्गी पिके बहुधा वाचतात. त्यांच्या विषारीपणाबद्दल त्या वेळी मतभेद होते, आणि ग्रंथकर्त्रीने ते मतभेद म्हणूनच मांडले आहेत. पुढे ह्याच दोहोंचे मिश्रण ‘एजंट ऑरेंज’ ह्या नावाने व्हिएतनामच्या अरण्यांवर ओतण्यात आले, आणि २,४,५-टी तयार होताना त्यात डायॉक्सिन हे भयंकर द्रव्य मिसळून राहते हे जगास कळले. तसेच एकच औषध वर्षानुवर्षे मारीत राहिले असता त्यास न जुमानणारी तणे निपजतात, हेही पुढे दिसले. पंजाब-हरियाणाच्या गव्हातील ‘गुल्ली डंडा’ हे तण १९९० नंतर आयसोप्रोट्युरॉनला दाद देईनासे झाले; ऑस्ट्रेलियात १९९६ साली ग्लायफोसेटला न मरणारे रायगवत आढळले. कीटकांच्या बाबतीत ह्या गोष्टीचा इशारा बाईंनी स्पष्ट दिला होता. तणांनी तो खरा करून दाखविला.

ग्लायफोसेटविषयी आज जो वाद चालू आहे, त्याचा निकाल ह्या ग्रंथातून मागणे व्यर्थ होय; ते औषध बाजारात आले १९७४ साली. पण वाद कसा करावा हे येथे शिकता येईल. मार्च २०१५ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग-संशोधन संस्थेने त्यास ‘बहुधा कर्करोगकारक’ ठरविले. अमेरिकेच्या पर्यावरण खात्याने नेमके उलट मत दिले, आणि युरोपीय संघाने नोव्हेंबर २०२३ मध्ये आणखी दहा वर्षांची परवानगी दिली. सामान्य वाचक गोंधळतो आणि कोणीतरी एक लबाड आहे असे ठरवून मोकळा होतो. वस्तुतः दोघांचे प्रश्नच निराळे आहेत. विहिरीत माणूस बुडू शकतो काय, हा एक प्रश्न. रोज घागर भरणाऱ्यांपैकी किती बुडतात, हा दुसरा. मात्र दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर विहिरीस कठडा आहे की नाही ह्यावर अवलंबून असते. हातमोजे, मुखपट्टी व बंद बूट घालून मोजून फवारणाऱ्याच्या हिशेबाने जे प्रमाण सुरक्षित ठरले, ते अनवाणी, तोंडास रुमाल बांधून, गळका पंप पाठीवर घेतलेल्या मजुरासही सुरक्षित आहे असे कोण म्हणेल? भारत सरकारने ऑक्टोबर २०२२ मध्ये ग्लायफोसेटचा वापर परवानाधारक कीडनियंत्रकांपुरता मर्यादित करणारी अधिसूचना काढली. तथापि कोणत्याही अधिसूचनेचा खरा कस कचेरीत नव्हे, बांधावर लागतो. पॅराक्वाटसारखे तणनाशक, ज्याच्या विषबाधेवर खात्रीचा उतारा नाही, ते युरोपीय संघात २००७ साली वर्ज्य झाले. आमच्याकडे त्यानंतरही ते विकले जात राहिले. वादात सर्वांत कमी बोलतो तो पंप पाठीवर घेतलेला मनुष्य. आणि धोका सर्वांत अधिक त्यालाच.

विषविरोधी पक्षासही एक गोष्ट सांगितली पाहिजे. गाजर गवत ‘पीएल-४८०’ च्या अमेरिकन गव्हाबरोबर आले, ही कथा आमच्याकडे वेदवाक्यासारखी चालते. त्या कायद्याखालील भारताशी पहिला करार ऑगस्ट १९५६ मधला. पुण्यात हे गवत अभ्यासकांच्या दृष्टीस पडले ते १९५५ च्या सुमारास. त्यापूर्वीच्या परदेशी धान्यातून ते आले असणे शक्य आहे. परंतु ह्या कराराच्या माथी ते मारता येत नाही. घाणेरी बागेच्या शोभेसाठी आली, जलपर्णी तिच्या जांभळ्या फुलांच्या मोहाने आली, निवडुंग रंगासाठी आला. शत्रूचे कारस्थान शोधण्यापेक्षा आपल्याच हौसेचा व निष्काळजीपणाचा शोध घेणे अधिक फलदायी होईल. जलपर्णीचेच पाहा. शहरांचे सांडपाणी नदीत सोडावयाचे, त्या खतावर ती पोसावयाची, आणि मग तिच्यावर विष फवारावे की यंत्राने ती ओढावी ह्यावर वाद घालावयाचा! फवारलेली जलपर्णी पाण्यातच कुजते, पाण्यातील प्राणवायू खाते आणि मासे मरतात. सांडपाणी चालूच असते, म्हणून ती पुन्हा येते. तण हे येथे रोग नसून लक्षण आहे. ही दृष्टी ज्याने कार्सनबाईंचे सहावे प्रकरण मन लावून वाचले त्यास सहज येते, आणि आमच्या मते ह्या ग्रंथाचे हेच खरे देणे होय.

एकंदरीत पाहता, हा ग्रंथ शास्त्रीय माहितीच्या दृष्टीने आता काही ठिकाणी जुना झाला आहे. पिकाच्या तणाविषयी व श्रमाविषयी तो मुका आहे. जैविक उपायांविषयी तो अधिक आशावादी आहे. परंतु कोणतीही वनस्पती मारण्यापूर्वी ‘तिच्या जागी काय उगवेल?’ असा प्रश्न करण्याची सवय तो वाचकास लावतो. लेखनशैली सुबोध आहे, पुराव्यांची मांडणी चोख आहे, आणि संतापाचा प्रसंग असूनही लेखणीचा तोल क्वचितच ढळला आहे. प्रत्येक सुशिक्षित कुटुंबात तो वाचला जावा आणि वाचून झाल्यावर त्याच्याशी थोडे भांडलेही जावे, अशी आमची शिफारस आहे.

राहता राहिली आमची मागची जागा. पुढच्या सभेत आम्हीच उभे राहून आमची चूक कबूल केली. गवत फुलावर येण्यापूर्वी, पाऊस पडून माती मऊ असतानाच, हातमोजे घालून ते मुळासकट उपटावयाचे आणि मोकळ्या जागेत टाकळ्याचे बी फेकावयाचे, असे ठरले. मजुरीचा आकडा फवारणीच्या दुपटीहून अधिक निघाला, तेव्हा पुष्कळांचे चेहरे उतरले. काम करणाऱ्या बायांस हातमोजे आपण पुरवावयाचे की त्यांनी आणावयाचे, ह्यावरही अर्धा तास गेला. अखेर ते वसाहतीनेच पुरविले. दोन पावसाळे झाले. गाजर गवत निघून गेले असे आम्ही म्हणणार नाही, पण टाकळ्याच्या दाटीत ते आता विरळ दिसते. ह्या श्रावणात निवृत्त शिक्षकांच्या घरून आमच्याकडे टाकळ्याच्या कोवळ्या पाल्याची भाजी आली. पुस्तक मात्र अद्याप आमच्याकडेच आहे. ते परत करावयाचे राहून गेले आहे.